मदत हवी आहे: आईसाठी ई-रीडर, सहा इंच की सात? की रंगीतच घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आईसाठी ई-रीडर घ्यायचाय. वय ७१, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दुपारी गॅलरीत झोपाळ्यावर वाचते आणि रात्री अंथरुणात. टॅबलेटचा उन्हात आरसा होतो, रात्री डोळे चुरचुरतात, त्यामुळे तो बाद. ई-इंक (कागदासारखा दिसणारा, न चकाकणारा पडदा) हवं एवढं ठरलंय, घोडं अडलंय पडद्यापाशी.

साधा सहा इंची किंडल, २०२४चा सात इंची पेपरव्हाइट आणि कोबो क्लारा कलर असे तीन डोक्यात आहेत. (कोबो भाऊ टोरांटोहून आणू शकतो.) तिन्हींत काळी अक्षरं ३०० पीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे त्यात डावं-उजवं नाही. साध्या किंडलला पिवळसर उजेड नाही आणि पाणी चालत नाही. पेपरव्हाइटला दोन्ही आहे. आईच्या उशाशी तांब्या असतो आणि तो आठवड्यातून एकदा लवंडतोच, तेव्हा हा मुद्दा चेष्टेचा नाही. क्लारा कलरचे रंग १५० पीपीआयचे आणि रंगांची जाळी वर बसवल्यामुळे पांढरं जरा मळकट दिसतं. पण दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगीत दिसतील, हा मोह सुटत नाही.

खरी गोची वेगळीच आहे. आईचं निम्मं वाचन म्हणजे मी उतरवून दिलेल्या मराठी पीडीएफ. मावसबहिणीचा सहा इंची रीडर चार दिवस आणला होता. त्यावर ए-फोर आकाराची फाईल उघडली तर अक्षरं मुंगीएवढी. पट्टी लावली (सहा इंच हे तिरकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप): पडदा ९ सेंटीमीटर रुंद, ए-फोर कागद २१. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ५ वर येतं. झूम केलं की ओळ संपेपर्यंत पान सरकवत बसा. कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ईपब (अक्षर लहान-मोठं करता येतं अशी फाईल) करून पाहिलं, तर इंग्रजी चिन्हांवर मराठी अक्षरं बसवलेल्या जुन्या फाँटमधल्या फाईलमधून कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं बाहेर पडली. आई म्हणाली, "हे कुठल्या देशाचं?"

सात इंचाने एवढा फरक पडतो का? का सरळ दहा इंची घ्यावा? पण तो झोपून वाचताना हातात पेलेल का? वापरणाऱ्यांनी सांगावं.

प्रतिसाद १:
दहा इंची आडवं होऊन वाचताना छातीवर ठेवावा लागतो, स्वानुभव. ताई, पुस्तकांचा आकार बघा आधी. आपली बहुतेक पुस्तकं डेमी, पान १४ सेंटीमीटर रुंद. दोन्ही बाजूंचा समास कातरला की मजकूर साधारण साडेदहा-अकरा उरतो आणि सात इंची पडदा १०.७ आहे. म्हणजे अक्षर जवळजवळ मूळ मापाचं! समास संगणकावरच कातरून मग फाईल रीडरवर टाका. ए-फोरवाल्या फायलींना मात्र हा उपाय पुरत नाही. त्यांच्यासाठी के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट साधन आहे. ते पानाला चित्र समजून शब्द तोडून नव्या ओळी लावतं, त्यामुळे जुना फाँट असला तरी काही बिघडत नाही.

प्रतिसाद २:
रंगीतच्या नादी लागू नका. मुखपृष्ठ एकदा बघायचं, आतली दोनशे पानं काळीच. आणि मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरून पुस्तकं थेट ईपबमध्ये उतरवता येतात. त्यात अक्षर आईंना हवं तेवढं मोठं करता येईल.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे आभार. आत्ता पट्टी घेऊन आईच्या कपाटापुढे बसले होते. पंधरा पुस्तकं मोजली, त्यातली बारा डेमी. दिवाळी अंक अर्थातच मोठे, पण ते ती कागदावरच वाचते, "अंकाला वास लागतो" म्हणे. तर पेपरव्हाइट. आता कव्हर असं सांगा, जे तिला एका हाताने उघडता येईल.