जर्मनीतला अनुभव वेगळं सांगतो

‘धर्म शिकवणं विद्यापीठाचं काम नाही, इस्लाम अभ्यासाचा विस्तार कशाला?’ असा मुद्दा इथे मांडला गेला आहे, तो मला पटत नाही. जर्मनीकडे बघा. अरबी-फारसी हस्तलिखितं, भाषा, इतिहास असा इस्लामचा अभ्यास तिथे शंभरहून अधिक वर्षं चालू आहे, पण तो बाहेरून बघणाऱ्याचा. मशिदींत मात्र बरेच इमाम तुर्कस्तानातून, तिथल्या सरकारच्या पगारावर, काही वर्षांसाठी यायचे. जर्मनीतच वाढलेल्या पोरांशी जर्मनमध्ये बोलणं अनेकांना जमत नसे. विद्यापीठ आणि मशीद यांच्यातली ही दरी मला फार मोठी वाटते.

२०१० मध्ये तिथल्या विज्ञान परिषदेने (विद्यापीठांबाबत सरकारला सल्ला देणारी संस्था) शिफारस केली आणि ट्युबिंगन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक वगैरे ठिकाणी सरकारी पैशातून इस्लामी धर्मशास्त्राची, म्हणजे धर्म श्रद्धेच्या आतून शिकवणारी, केंद्रं उभी राहिली. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक धर्मशास्त्र सरकारी विद्यापीठांत शतकानुशतकं आहेच, मग यालाच नकार का?

खरी अडचण पुढे आहे. प्राध्यापक नेमताना मुस्लिम संघटनांचं मत घेतात आणि त्यावरून वाद झाले आहेत. चर्चसारखी एक मध्यवर्ती संस्था इस्लाममध्ये नाही, मग सगळ्यांच्या वतीने बोलायचं कुणी? चर्चा यावर व्हायला हवी.