नोकरी सांभाळून कॅट : जुलैपासून वेळ कसा लावू?

पोहे_जास्त_शेव
नमस्कार मंडळी. बीकॉम झालंय, दोन वर्षं लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघतोय. राहायला डोंबिवलीत. यंदा कॅट (आयआयएमची एमबीए प्रवेश परीक्षा) द्यायचीच असं ठरवलंय, पुढे आपली महाराष्ट्राची एमबीए सीईटीही. आज जुलैचा पहिला रविवार. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते, तसंच धरून चाललोय.

सकाळी पावणेआठला घर सोडतो, परत यायला साडेआठ. महिनाअखेरीला दहासुद्धा होतात. गणित बारावीनंतर सुटलं. नेटवर एका टॉपरचं रोज सहा तासांचं वेळापत्रक सापडलं. चार दिवस इमानदारीत केलं, पाचव्या दिवशी टॅली उघडी ठेवून चक्क डुलक्या काढल्या. रोज किती तास काढू? कुठल्या विषयाला किती? क्लास लावू का?

तिसऱ्यांदा_लागली
तो सहा तासांचा कागद आधी फाडून टाक. ते वेळापत्रक कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या, आई ताट वाढून देणाऱ्या पोराचं आहे.

तुझा हिशोब तुझ्याच आकड्यांवर मांड, अकाउंटवाला आहेस. आठवड्यात पाच दिवस दीड तास, शनिवारी तीन, रविवारी पाच. झाले साडेपंधरा. परीक्षेपर्यंत वीस आठवडे, म्हणजे 310 तास. आता त्यातून महिनाअखेरी, गणपती, दिवाळी, एखादं लग्न आणि एखादा ताप मिळून पाच आठवडे वजा कर. उरले साधारण 230. तुझ्याकडे एवढीच पुंजी आहे असं समजून खर्च कर. मी पहिल्या दोन वर्षांत ही वजाबाकीच केली नव्हती, त्यामुळे सप्टेंबरात 'मागे पडलो' म्हणून रडायचो आणि आठवडाभर पुस्तकच उघडायचो नाही.

विषयांचं म्हणशील, तर क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, आधी अंकगणित : शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, काळ-काम-वेग. मग बीजगणित. भूमिती त्यानंतर, आणि क्रमपर्याय-संभाव्यता वेळ उरली तर. डीआयएलआरचा (आकडेवारी आणि तर्काचा भाग) रोज एक सेट, म्हणजे एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न, एकही दिवस खाडा नको. त्याला अभ्यासक्रम नाही, फक्त सवय आहे. खरी परीक्षा तर कुठला सेट सोडायचा हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखण्याची.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पेपरात आधी व्हार्क (इंग्रजी भाषा आणि वाचन), मग डीआयएलआर, शेवटी क्वांट. प्रत्येकी 40 मिनिटं, क्रम बदलता येत नाही, मागे जाता येत नाही. म्हणजे क्वांट समोर येतं तेव्हा 80 मिनिटं डोकं पिळून झालेलं असतं. मी पहाटे ताज्या डोक्याने गणितं सोडवायचो आणि मॉकमध्ये (सराव परीक्षेत) आपटायचो. संकल्पना पहाटे शिक, पण सराव रात्री जेवणानंतर, दमलेला असताना घड्याळ लावून कर.

मॉक ऑगस्टच्या मध्यापासून पंधरवड्याला एक, ऑक्टोबरपासून दर आठवड्याला. मॉक दोन तासांचा असेल तर त्याची चिरफाड चार तासांची. चुकलेलं तर बघच, पण बरोबर आलेल्यातलं काय तुक्क्याने आलं तेही बघ. पर्याय असलेलं उत्तर चुकलं की एक गुण जातो. टाइप करायच्या उत्तरांना निगेटिव्ह नाही, ती कोरी सोडू नकोस.

फलाट_क्र_तीन
बाकी मला कळत नाही, पण प्रवासाचं बोलतो. फास्टला लोंबकळत जात असशील तर तो वेळ मातीत. अर्धा तास लवकर निघ आणि डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकड. बसायला मिळतं. परळला उतर, चालत ऑफिस. आमच्या डब्यात एक मुलगी अशीच मांडीवर पॅड घेऊन सीएचा अभ्यास करायची, भजनी मंडळ शेजारी टाळ कुटत असताना. पास झाली, पेढे वाटले डब्यात.

मराठी_माध्यम
भजनात उतारा वाचता येत असेल तर परीक्षेच्या हॉलमधल्या शांततेचीच भीती वाटेल 😄

गंमत सोडा. माध्यम मराठी असेल तर तो प्रवास पूर्ण वाचनाला द्या. व्हार्कमध्ये बहुतेक प्रश्न उताऱ्यांवरचे असतात आणि विषय कुठलाही येतो : तत्त्वज्ञान, पक्षी, मध्ययुगीन व्यापार. मी शब्दांच्या याद्या पाठ केल्या, सगळं वाया. रोज दोन लांब इंग्रजी लेख, आणि प्रत्येकाचं सार मराठीत दोन ओळींत लिहायचं. मराठीत सांगता आलं नाही म्हणजे समजलेलंच नाही.

तिसऱ्यांदा_लागली
+1. हे मला कोणी सांगितलं असतं तर एक प्रयत्न वाचला असता.

सिडनहॅमचा_कट्टा
सीईटीबद्दल कोणी बोललंच नाही. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुम्बा (पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग) ही कॉलेजं मनात असतील तर तिला शेपूट समजू नका. 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद, आणि निगेटिव्ह नाही. कॅटमध्ये सोडून द्यायला शिकता, इथे एकही गोळा कोरा ठेवायचा नाही. अर्धे प्रश्न तर्काचे, त्यातही 25 आकृत्यांचे, जे कॅटच्या तयारीत येतच नाहीत. पण आत्ता हात लावू नका. कॅट झाल्यावर आठवडाभर झोपा, मग सीईटी.

मृगाचा_किडा
आणि स्नॅप, एनमॅट या खासगी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षा? सगळेच भरतात.

सिडनहॅमचा_कट्टा
फी भरायची तयारी असेल आणि ती कॉलेजं खरंच हवी असतील तरच. भीतीपोटी पाच फॉर्म भरणाऱ्याच्या डिसेंबरचा चिवडा होतो.

तिसऱ्यांदा_लागली
क्लासचं राहिलं. मी एका क्लासात भरपूर पैसे ओतले, बॅच अर्ध्यात बंद झाली, परतावा नाही. तुला वेळ कमी आहे, क्लासला जाण्या-येण्यात तो घालवू नकोस. चांगली मॉक-मालिका विकत घे. गणितात अगदीच अडलास तर तेवढ्या धड्यांपुरता ऑनलाइन कोर्स.

पोहे_जास्त_शेव
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय : सकाळी स्लो गाडीत दोन लेख, रात्री साडेनऊ ते अकरा एक सेट आणि क्वांट, शनिवारी नवीन धडा, रविवारी मॉक किंवा चिरफाड. महिनाअखेरीचे चार दिवस फक्त वाचन. दिवाळीत पाडवा आणि भाऊबीज सुट्टी, बाकी दिवस फराळ खात मॉक. रविवारचे मॉक कधी सकाळी, कधी दुपारी देईन. पेपर तीन सत्रांत होतो आणि आपल्याला कुठलं मिळेल ते आपल्या हातात नसतं म्हणे.

फलाट_क्र_तीन
छान. पण साहेब, नोव्हेंबरचा शेवटचा रविवार म्हणजे तुमची महिनाअखेर ना?

पोहे_जास्त_शेव
अरे देवा. रजेचा अर्ज उद्याच टाकतो.