मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलीचं 'मेनू कार्ड' नावं-किमतींच्या पुढे कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. मुलगी मराठी शाळेत दुसरीत आहे. वाचते छान, पण निबंधाची वही काढली की चेहरा पडतो. सध्या तिने घरात हॉटेल काढलंय, आणि त्याचं मेनू कार्ड मात्र कुणी न सांगता लिहीत बसते. तिला लिहायची गोडी लागली तर इथूनच लागेल असं मला मनापासून वाटतं.

कार्डपेपर मधोमध दुमडलाय. एकीकडे 'सकाळी': पातळभाजी-पाव, मिरची भजी, बन, चहा. दुसरीकडे 'जेवण': सोलकढी, खतखतं, तळलेले बांगडे. शाकाहारी पदार्थापुढे चौकोनात हिरवा ठिपका, बांगड्यापुढे तपकिरी त्रिकोण, हे खाऊच्या पाकिटांवरून उचललेलं. चहा ५० रुपये, बांगडा ५! वर्गवारी तिला आपसूक जमते, किमतींचं बघू नंतर.

अडतंय ते पुढे. प्रत्येक पदार्थाखाली एक ओळ लिही म्हटलं, तर सगळीकडे 'छान आहे'. मग मी गिऱ्हाईक होऊन विचारलं, "खतखत्यात काय काय घातलंय हो?" तोंडाने घडाघडा सांगितलं, आणि कार्डावर आलं: 'खूप भाज्या आहेत. तेफळं पण आहेत. ती चावू नका.' (तेफळं हा मसाला, स्वादापुरता घालतात, खात नाहीत.) वाचणाऱ्याची काळजी करून लिहिलेलं हे तिचं पहिलंच वाक्य, मला फार आवडलं. पण दर वेळी मी विचारल्याशिवाय असं येत नाही. ते आपणहून यावं म्हणून काय करता येईल?

दुसरं म्हणजे शुद्धलेखन. 'भजि', 'सोलकडि' असं चाललंय. तिथल्या तिथे सुधारलं की पेन्सिल खाली ठेवते. माझं मत, खेळ चालू असताना बोलू नये, नवं कार्ड करताना दोन-तीन शब्द सोबत बसून तपासावेत. तिचे बाबा म्हणतात, चुकीचं वळण पडेल. शिक्षक मंडळींनी जरूर सांगा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावच्या घरी सगळी भावंडं जमतील, बालवाडीपासून सातवीपर्यंतची. नेवऱ्या, पातोळ्या, मणगणं अशा गोड पदार्थांचं चवथीचं कार्ड सगळ्यांनी मिळून करावं असा विचार आहे. धाकट्यांना चित्रं आणि पदार्थाचं पहिलं अक्षर पुरेसं होईल का? आणि मोठ्यांना काय द्यावं? 'आजचा खास पदार्थ' यावर चार ओळी, की गिऱ्हाइकाच्या तक्रारीला लेखी उत्तर? वर्गात किंवा घरी कुणी असं करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.