मदत हवी आहे: मिक्सिंगच्या पीसीला जेन ५ बोर्ड खरंच लागतो का? (निपाणी)

निपाणीचा_फोटोवाला

नमस्कार मंडळी. निपाणीत स्टुडिओ आहे, लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग (व्हिडिओ एडिटिंग) करतो. तुळशीची लग्नं लागली की मान वर काढायला सवड मिळत नाही, म्हणून पीसीचं काय ते त्याआधी उरकायचं आहे.

आत्ता रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (जेन ३, म्हणजे बोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीची तिसरी पिढी) आणि जीटीएक्स १६५० चं ४ जीबी कार्ड आहे. सॉफ्टवेअर एडियस. जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज यावर विनातक्रार चालायचं. आता नवीन कॅमेरा घेतलाय, ४के, १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार). तेव्हापासून टाइमलाइन अडकते. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं तर विचारूच नका, मंगलाष्टका संपतात तरी अंतरपाट धरलेलाच असतो.

दुकानदार म्हणतो, बोर्ड जेन ३ चा आहे, तिथंच अडतंय. जेन ५ बोर्ड आणि जेन ५ एसएसडी टाका, १४ हजार एमबीचा स्पीड मिळेल. त्याच्या कोटेशनच्या पैशांत एक चांगली लेन्स येईल. मेहुणा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो, "दाजी, आता जेन ७ सुद्धा जाहीर झालंय, थांबा." एक म्हणतो आज घ्या, दुसरा म्हणतो थांबा. माझं काम मात्र आहे तिथंच आहे.

एवढा स्पीड माझ्यासारख्याच्या कामाला लागतो तरी का? की आपण नुसतं आकड्यांमागं पळालोय?

टिळकवाडी_बेंच

भाऊ, पैसे काढायच्या आधी एक फुकटचं काम करा. मल्टिकॅम लावून प्ले करा आणि टास्क मॅनेजर उघडा. डिस्क किती टक्के, सीपीयू किती टक्के, आणि ग्राफिक्सच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतो का, ते सांगा. कॅमेऱ्याच्या मेनूत बिटरेट किती आहे आणि फुटेज दाबून साठवायची पद्धत एच.२६४ आहे की एच.२६५, तेही बघा.

निपाणीचा_फोटोवाला

बघितलं सर. डिस्क ३ टक्के. सीपीयू १०० ला चिकटलाय. व्हिडिओ डिकोड शून्य. कॅमेऱ्यात १४० मेगाबिट, एच.२६४.

टिळकवाडी_बेंच

झालं की मग. डिस्क ३ टक्क्यांवर म्हणजे रस्ता मोकळा पडलाय.

हिशोब करा. १४० मेगाबिटला ८ नं भागलं की सेकंदाला साडेसतरा एमबी. तीन कॅमेरे एकदम चालवले तरी ५२-५३ एमबी. तुमची जेन ३ एसएसडी साधारण साडेतीन हजार एमबी देते, म्हणजे लागतं त्याच्या पासष्ट-सदुसष्ट पट. जेन ५ घेतलीत तर अडीचशे पटीच्या वर जाईल. सलग वाचायचं असेल तर साधी हार्डडिस्कसुद्धा एवढं देते, तीन फायलींत उड्या मारताना मात्र ती दमते. हायवे सहापदरी केला म्हणून कारखान्याच्या काट्यावरची ट्रॅक्टरची रांग हटत नाही. तुमचा काटा म्हणजे डिकोडिंग, दाबलेलं फुटेज उलगडणं.

१० बिट ४:२:२ हा प्रकार उलगडायला ग्राफिक्स कार्डात त्यासाठी वेगळी सोय लागते. १६५० मध्ये ती नाही. ३६०० मध्ये तर ग्राफिक्सच नाही. म्हणून सगळा भार सीपीयूच्या सहा कोअरवर पडतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या, आतच ग्राफिक्स असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत क्विक सिंक (इंटेलची व्हिडिओ उलगडायची सोय) एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं. एडियसवाले पूर्वीपासून इंटेलच का मागतात, ते आता कळलं असेल. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेत एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीचं ४:२:२ येतं, त्याआधीच्या मालिकांत नाही. मागच्या मालिकेतलं महागडं ४०९० घेतलंत तरी नाही!

आणि हो, एसडी कार्डवरून फुटेज उतरवायला वेळ लागतो म्हणून कोणी जेन ५ गळ्यात मारत असेल तर यूएचएस-१ कार्डाची मर्यादाच १०४ एमबी आहे. पलीकडं काहीही लावा.

उद्यमबाग_सीएनसी

मजा वाटली वाचून. आमच्याकडं मशीनच्या पीसीत अजून जुनं पीसीआय कार्ड आहे. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, सगळी कार्डं मिळून १३३ एमबी. सकाळपासून रात्रीपर्यंत जॉब निघतात. कार्ड बदलायला कोणी तयार नाही, कारण ड्रायव्हर जुन्या विंडोजचा.

पण मेहुण्यांचं जेन ७ कुठून आलं? इतक्या घाईघाईनं का काढतात हे लोक?

टिळकवाडी_बेंच

घाई आपल्यासाठी नाही हो. बघा, पीसीआय एक्सप्रेसची पहिली आवृत्ती २००३, दुसरी २००७, तिसरी २०१०. मग चौथी थेट २०१७ ला. सात वर्षं कोणाचं काही अडलं नाही. त्यानंतर मात्र २०१९, २०२२, २०२५ अशा पाचवी, सहावी, सातवी आल्या. दर वेळी वेग दुप्पट: तिसरीत एका लेनला (रस्त्याच्या एका पदराला) सेकंदाला साधारण १ जीबी, चौथीत २, पाचवीत ४.

ओढतंय कोण, तर डेटा सेंटर. ४०० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड पूर्ण वेगानं चालवायचं तर जेन ५ च्या सोळा लेन लागतात. ८०० चं चालवायचं तर जेन ६ च्या सोळा. एआयसाठी ओळीनं लावलेली कार्डं तर कितीही रुंदी द्या, खातात. तिथं मागणी आधी आहे, बस (म्हणजे हा डेटाचा रस्ता) मागनं येतेय. आपल्या टेबलावर बरोबर उलटं. बस पुढं गेली आणि मागनं माल यायचाय. घरच्या बोर्डावर जेन ६ अजून आलेलंच नाही, जेन ७ ची वाट बघत दाजींनी किती लग्नसराया घालवायच्या?

वेग फुकट मिळत नाही ते वेगळंच. वेग वाढला की बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांत सिग्नल लवकर मरतो, मग चांगल्या प्रतीचा बोर्ड आणि वाटेत सिग्नल सावरणाऱ्या चिप्स लागतात. पहिल्या जेन ५ एसएसडी तर मोठ्या हीटसिंकशिवाय तापून स्वतःच वेग कमी करायच्या.

शहापूरकर

मला हे एकांगी वाटतंय. बोर्ड माणूस सहा-सात वर्षांसाठी घेतो. मी २०१९ ला जेन ४ चा बोर्ड घेतला तेव्हा हेच ऐकलं होतं, "काय करायचंय जेन ४?" आता त्यावर जेन ४ एसएसडी आहे, मोठ्या फायली या ड्राइव्हवरून त्या ड्राइव्हवर टाकताना फरक डोळ्यांना दिसतो.

टिळकवाडी_बेंच

कॉपीत दिसणारच, आणि रोज शेकडो जीबी इकडून तिकडं हलवणाऱ्यानं जरूर घ्यावा. पण विंडोज सुरू होणं, सॉफ्टवेअर उघडणं, हजार छोट्या फायली वाचणं यात जेन ३ आणि जेन ५ शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. एकेक छोटा तुकडा मागितला की दोन्ही सेकंदाला शंभर एमबीच्या अलीकडं-पलीकडंच असतात. खोक्यावर १४ हजार छापतात तो सलग मोठी फाइल वाचण्याचा आकडा.

खानापूरचा_पोरगा

मध्येच विचारतो, माफ करा. माझा पण बी४५० च आहे, गेमसाठी. म्हणजे मी कुठलं पण कार्ड घेतलं तरी जेन ३ नं काय फरक पडत नाही, असंच ना काका?

टिळकवाडी_बेंच

थांब रे बाळा, तुझ्या बाबतीत पडतो. या सगळ्यातली उफराटी गोष्ट हीच आहे.

महागडं कार्ड पूर्ण सोळा लेन वापरतं आणि त्याच्यावर मेमरी भरपूर असते. ते जेन ३ वर टाकलं तरी थोडेच टक्के जातात. स्वस्त कार्डात कंपनी लेन कापते. आरएक्स ६५०० एक्सटी ला चारच लेन आणि मेमरी ४ जीबी. जेन ४ वर त्याला जेमतेम ८ जीबीचा रस्ता मिळतो, तुझ्या बोर्डावर त्याचा निम्मा. गेमचं टेक्श्चर ४ जीबीत मावलं नाही की ते रॅममधून त्याच अरुंद बोळातनं येतं आणि गेम धक्के खातो. त्या कार्डाच्या परीक्षणांत जेन ३ वर ते सपाटून मार खाताना दिसलं होतं. एनव्हिडियाच्या ४०६० आणि ५०६० ला आठ लेन. मेमरीत मावतंय तोवर ठीक. ५०६० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी, आणि ती भरली की तुझ्या बोर्डावरनं येणार फक्त ८ च्या आसपास.

म्हणजे नवीन बसची गरज ज्याच्या खिशात पैसे कमी त्यालाच जास्त, आणि नवीन बस मिळते महाग बोर्डावर. कंपन्यांनी हे मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण लेन कापून वाचवलेला पैसा शेवटी आपल्याच बोर्डातनं वसूल होतो. तू वापरलेलं, सोळा लेनचं ३०६० चं १२ जीबीवालं बघ.

निपाणीचा_फोटोवाला

मग मी ५०६० घेतलं तर माझंही आठ लेनमुळं अडेल का? आणि इंटेलवर जायचं झालं तर?

टिळकवाडी_बेंच

तुमचं नाही अडणार. दाबलेलं फुटेज कार्डाकडं जातं ते ५०-६० एमबी, आणि उलगडलेल्या फ्रेम इकडून तिकडं गेल्या तरी आठ लेनमध्ये जागा राहते.

इंटेलवर गेलात तर प्रोसेसर, बोर्ड दोन्ही आले, कदाचित रॅमही. शिवाय क्विक सिंकला एच.२६५ चालतं, तुमचं आत्ताचं शूटिंग एच.२६४ आहे. पुढची लग्नं कॅमेऱ्यात एच.२६५ वर ठेवता येतील, पण हातातल्या ऑर्डरींचं काय?

मी असतो तर या हंगामाला प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून काम काढलं असतं. रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार. खर्च शून्य. नंतर ५० मालिकेचं कार्ड. मात्र तुमची एडियसची आवृत्ती त्या कार्डाचं ४:२:२ डिकोड वापरते का, ते आधी विचारा. नाहीतर कार्ड नुसतं शोभेला. बी४५० चा बायोसही (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) नवीन करून घ्या, आणि तो यूपीएसवरच करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड बदलायला निमित्त मिळेल.

निपाणीचा_फोटोवाला

एका हळदीच्या फुटेजचे प्रॉक्सी रात्री करून बघितले सर. मल्टिकॅम पळतंय. जेन ५ चं कोटेशन दुकानदाराला परत केलं, तो जरा नाराज झाला. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा आहे, १६५० ला वेगळी वायर लागत नव्हती. ५०६० त्यावर चालेल का?

टिळकवाडी_बेंच

५०६० ला १४५ वॅट आणि बहुतेक मॉडेलना ८ पिनची वायर. तुमच्या सप्लायला ती वायर आहे का ते झाकण काढून बघा. एनव्हिडिया ५५० वॅटचा सांगते, जुना सप्लाय असेल तर मी तोच बदलेन. कोल्हापुरात घेतलंत तर बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.