मदत हवी आहे: शिजवलेल्या कडधान्याचे ग्रॅम वाटीत कसे मोजायचे?

बाबांना मधुमेह आहे. आहारतज्ज्ञांनी जेवणात १०० ग्रॅम शिजवलेली उसळ लिहून दिली आहे. वजन शिजल्यावरचं, पाणी निथळून धरायचं, हे विचारून घेतलंय. गावी आईकडे वजनकाटा नाही आणि तिला रोज काट्याच्या मागे लावायचं नाही. स्टीलच्या १५० मिलीच्या वाट्या आहेत, त्यावरच हिशोब बसवायचा आहे.

तक्त्यांत २४० मिलीच्या कपाला शिजलेले छोले साधारण १६४ ग्रॅम, राजमा १७७ आणि अख्खा मसूर १९८ ग्रॅम दिलाय. म्हणजे छोल्यांची वाटी जेमतेम १००, मसुराची मात्र सव्वाशेच्या घरात. दाणा बारीक तशी वाटी गच्च भरते, त्यामुळे सगळ्यांना एकच माप चालणार नाही. कच्च्या वजनाची दुप्पट-अडीचपट करूनही पाहिलं, पण भिजवण्यावर आणि शिट्ट्यांवर फार फरक पडतो.

अडलंय ते मोड आलेल्या मटकी-मुगाशी. मोडांमुळे वाटी पोकळ भरते, आणि आमच्याकडे उसळ रश्शाचीच लागते. कोणी घरी काट्यावर मोजलं असेल तर सांगाल का: मोडाची मटकी शिजवून, निथळून, न दाबता भरली तर १५० मिलीच्या वाटीत किती ग्रॅम बसते? आणि रश्शासकट वाढताना १०० ग्रॅम दाणे यायला वाटी किती भरावी?