जुन्या लांब धनुष्याच्या पोटाचे पिवळसर लाकूड कोणते असावे?

प्रत्यंचा

एक जुने लांब धनुष्य माझ्याकडे आले असून त्याच्या लाकडाची ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. धनुष्य दोन थरांचे आहे. पोटाचा, म्हणजे बाण सोडणाऱ्याकडे येणारा थर पिवळसर, जड आणि हाताला अतिशय गुळगुळीत लागणाऱ्या लाकडाचा आहे. पाठीवर मात्र पांढुरक्या लाकडाची पातळ पट्टी सरसाने चिकटवलेली आहे. कारागिराचा शिक्का कोठेही नाही. एका भुजेचे, म्हणजे मुठीच्या एका बाजूच्या वाकणाऱ्या भागाचे, टोक वीतभर अंतरावर तुटले आहे आणि त्या तुकड्यावरची पट्टी सरस सुटल्यामुळे आपोआप वेगळी झाली आहे, त्यामुळे तपासणीसाठी मूळ धनुष्याला धक्का लावावा लागणार नाही. तुटलेल्या जागेजवळ पोटावर केसाएवढ्या बारीक आडव्या रेघा दिसतात.

ज्यांनी हे धनुष्य पाहिले त्यांच्यापैकी काही जण पोटाचे लाकूड ऑसेज ऑरेंज या अमेरिकी झाडाचे असल्याचे सांगतात, तर काही जण यू या झाडाचे असल्याचे. मला याच लाकडाचे, याच मापाचे नवे धनुष्य करायचे आहे, त्यामुळे नुसत्या अंदाजावर भागणार नाही. जात निश्चित कशी करावी?

काष्ठवेध

आधी रंगाचा विचार बाजूला ठेवावा. ऑसेज ऑरेंज ताजे असताना भडक पिवळे असते आणि प्रकाशात राहून पुढे तपकिरी होते. त्यावर जुन्या व्हार्निशचे थर असले की मूळ रंगाचा पत्ताच लागत नाही. लाकडाची खरी ओळख त्याच्या आडव्या छेदात असते. तुटलेल्या तुकड्याच्या टोकावर दाढीचे नवे पाते एकाच दिशेने ओढून नखाएवढी जागा स्वच्छ कापावी. तेथे भरड पॉलिश पेपर चालवू नये, कारण त्याच्या भुशाने नेमकी पाहायची ती छिद्रे बुजून जातात. मग ती जागा किंचित ओली करून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून भरपूर उजेडात पाहावी.

पहिली गोष्ट म्हणजे छिद्रे आहेत की नाहीत. यू हा सूचिपर्णी वृक्ष असल्याने त्याच्या लाकडात वाहिन्यांची, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची, छिद्रे नसतातच, म्हणून ती दिसली तर यू तेथेच बाद होतो. छिद्रे असतील तर प्रत्येक वार्षिक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग आहे का, ते पाहावे. ऑसेज, तुती आणि रोबिनिया या तिन्ही पिवळसर लाकडांत ती असते, आणि गाभ्याच्या भागात ही मोठी छिद्रे आत वाढलेल्या पेशींनी भरलेली दिसतात. याशिवाय एक ढलपी पाण्यात ठेवावी, कारण ऑसेजचा पिवळा रंग पाण्यात उतरतो. आणि अतिनील दिवा मिळाला तर त्याखालीही पाहावे, कारण ऑसेज आणि रोबिनिया त्या प्रकाशात पिवळसर हिरवे चमकतात. तुकड्याचे वजन आणि त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे आकारमान मोजून घनताही काढावी. सुटलेल्या पट्टीचाही छेद पाहिल्यास बरे होईल.

प्रत्यंचा

सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. पोटाच्या लाकडात छिद्रे आहेत, पण ती अतिशय बारीक असून भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि संपूर्ण छेदावर सारखी विखुरलेली आहेत. वलयांच्या सीमा जेमतेम जाणवतात. मज्जाकिरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषा, बारीक आणि दाटीने आहेत; त्यांना छेदणाऱ्या आडव्या फिकट रेषा मात्र कोठेही सापडल्या नाहीत. ढलपी रात्रभर पाण्यात ठेवूनही पाण्याला रंग आला नाही आणि अतिनील दिव्याखाली काही चमकले नाही. घनता प्रति घनसेंटीमीटर ०.८ ग्रॅमच्या आसपास येते. पाठीच्या पट्टीत मोठ्या छिद्रांच्या रांगा स्पष्ट आहेत, आणि त्यांच्यामधल्या दाट भागात बारीक फिकट रेषांची मज्जाकिरणांबरोबर जाळी झालेली दिसते.

काष्ठवेध

या निरीक्षणांनी बराच गुंता सुटतो. विखुरलेली बारीक छिद्रे पाहता ऑसेज, तुती आणि रोबिनिया तिन्ही बाद होतात. धामणाचे लाकूडही धनुष्यासाठी नावाजलेले आहे, पण त्याचा गाभा तांबूस तपकिरी असतो. बॉक्सवुड पिवळे आणि बारीक पोताचे असले तरी त्याचे झाड लहान असते, एवढ्या लांबीची सरळ पट्टी त्यातून निघणे कठीण.

राहिली अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली दोन लाकडे, लान्सवुड आणि डेगामे. दोन्ही पिवळसर, दोन्ही बारीक पोताची आणि दोन्ही जुन्या धनुष्यांत आढळणारी, म्हणून त्यांची गफलत सहज होते. फरक भिंगाखाली कळतो. लान्सवुड, म्हणजे ऑक्सँड्रा लँसिओलाटा, सीताफळाच्या कुळातले आहे, आणि या कुळाची खूणच अशी की मज्जाकिरणांच्या मधोमध आडव्या फिकट रेषा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे ओळीने दिसतात. तुमच्या छेदात त्या नाहीत. त्यामुळे माझा कौल डेगामेला आहे, म्हणजेच कॅलिकोफायलम कँडिडिसिममला. क्यूबा आणि मध्य अमेरिकेतले हे लाकूड व्यापारात लेमनवुड या नावाने जाई आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची धनुष्ये इंग्लंड-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तयार होत. घनताही जुळते. पाठीच्या पट्टीतील जाळी हिकरी या लाकडाची आहे. अॅश या दुसऱ्या फिकट लाकडात ती अशी दिसत नाही. हिकरीची पाठ आणि लेमनवुडचे पोट ही त्या काळातली सर्वपरिचित जोडी होती. तरीही पूर्ण खात्री हवी असेल तर सूक्ष्मदर्शकाखालील पातळ छेद काष्ठशास्त्राच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. भिंगाने कुळापर्यंत भरवशाने जाता येते, जातीपर्यंत दर वेळी नाही.

रंधा

वरील निदान मला पटते. नव्या धनुष्याविषयी मात्र थोडे सांगायचे आहे, कारण लाकडाची जात कळली म्हणजे धनुष्य झाले असे नाही.

पोटावरच्या त्या आडव्या रेघा लाकडाचे तंतू दाबाने चुरल्याच्या खुणा आहेत. वाकलेल्या धनुष्यात पाठ ताणली जाते आणि पोट दबते. एखाद्या ठिकाणी भुजा जास्त वाकत असेल तर पोटाचे तंतू तेथेच मोडतात. म्हणजे या धनुष्याचा वाक टोकाकडे एकसारखा नव्हता. जुन्या धनुष्याची मापे जशीच्या तशी उतरवली तर हा दोषही नव्यात उतरेल. म्हणून धड असलेल्या भुजेची जाडी ठरावीक अंतरांवर मोजून दोन्ही भुजा तिच्याप्रमाणे कराव्यात, आणि तीही सगळीकडे सारखी वाकत असल्याची खात्री वाक साधताना करून घ्यावी.

ऑसेजमध्ये पाठीवर एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखावे लागते. डेगामेत वलये अंधुक असल्याने करवतीने कापलेल्या सरळ फळीतूनही पोट घडवता येते, पण लाकडाच्या तंतूंची रेषा फळीच्या कडेतून बाहेर पडत असेल तर ती फळी घेऊ नये. रेषेची दिशा डोळ्यांना दिसत नसेल तर फळीच्या टोकाचा एक बारीक तुकडा छिन्नीने फोडून पाहावा. तो जसा फाटेल तशी रेषा आहे. लाकडातील ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आल्याशिवाय वाक देऊ नये. खरेदीच्या वेळी व्यापारी नावावर न जाता शास्त्रीय नाव विचारावे आणि वर सांगितलेला आडवा छेद तेथेही पाहावा.

जुन्या धनुष्याची धड भुजा मात्र वाकवून तपासू नये. त्या पट्टीखालचा सरसही तितकाच जुना आहे आणि एका टोकाला तो सुटलेला आपण पाहिलाच आहे.