गुलमर्ग की औली? बर्फाचे आकडे कसे ताडून बघायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याला, घोडबंदर रोडला राहतो. २६ जानेवारीला जोडून रजा टाकून आम्ही दोघं आणि नववीतली मुलगी स्कीइंग शिकायला जायचं म्हणतोय. तिघांपैकी कुणीही आजवर पायाला स्की बांधलेली नाही. मागे मनालीला गेलो होतो, तर भाड्याचे गमबूट घालून राखाडी चिखलात फोटो काढून परत आलो. म्हणून या वेळी आधी बर्फ, मग तिकीट.

चार रात्री काश्मीरचं गुलमर्ग आणि उत्तराखंडचं औली, दोन्हीकडचे आकडे वहीत उतरवतोय आणि गोंधळ वाढतोय. एक साइट सेंटिमीटर देते, दुसरी इंच. एकीकडे हंगामातली एकूण हिमवृष्टी, दुसरीकडे आज जमिनीवर असलेला थर. आपल्याला पावसाच्या मिलिमीटरची सवय. दिवसात दोनशे म्हटलं की कुठे पाणी तुंबलं असेल ते आपसूक कळतं. पण तीस सेंटिमीटर बर्फ म्हणजे भरपूर, की नुसता मुलामा?

गुलमर्गचा आकडा मोठा दिसतोय. डोळे झाकून तिकडेच जावं का?

प्रतिसाद १ (वाशीकर)

दादा, आधी तो आकडा कुठल्या उंचीवरचा आहे ते बघा. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराजवळ साधारण ३,९५० मीटरवर नेतो. तिथला बर्फ तुमच्या कामाचा नाही, तो मुरलेल्यांचा. शिकाऊ लोक खाली, २,६५० मीटरच्या मैदानात धडपडतात. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरचे, म्हणजे तुमच्यापुरता फरक वाटतो तेवढा नाही.

एकूण हिमवृष्टी सोडा, थर बघा. ताजा दहा सेंटिमीटर बर्फ वितळला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होतं. दोन-तीन दिवसांत तो आपल्याच वजनाने दबतो. गवताळ उतारावर दबलेला फूटभर थर नवशिक्याला चालून जातो.

तरी माझं मत गुलमर्ग. पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन बर्फ पाडणाऱ्या वादळांचा, मार काश्मीरला जास्त बसतो. औलीला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, यावरून काय ते समजा. शिवाय २०२३च्या जानेवारीत औलीखालच्या जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, त्यामुळे रस्त्यानेच वर जायचं धरून चाला.

पण जानेवारीची खात्री गुलमर्गलाही नाही. २०२४च्या जानेवारीत ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, तिथलं मैदान पिवळं पडलं होतं, बर्फ जानेवारी संपता संपता आला. २०२५ला तर फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी मार्चवर गेले.

धागाकर्ता

धन्यवाद! वहीतलं एकूणचं पान फाडलं. रजा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरकवता येते का बघतो, मुलीच्या शाळेचं तेवढं अडतंय. सध्या तिकडे असलेलं कुणी खालच्या मैदानाचा आजचा फोटो टाकेल का?